अठ्ठावन्न दिवस कमी

गिरिजा गंधेला नर्सिंगच्या शाळेत प्रवेश का मिळाला नाही, असं दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या ब्लॉकमध्ये कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं. वय कमी पडलं, अठ्ठावन्न दिवस. ऐकणारा चुकचुकायचा, सरकारी नियमांना दोन शिव्या घालायचा आणि आपल्या कामाला लागायचा. मीही त्या चुकचुकण्यात सामील होते. आता नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, नोएडाच्या एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, आणि माझं वाकडं करू शकेल असं कुणी उरलेलं नाही. तेव्हा खरं काय ते सांगून टाकते. गिरिजाचं वय कमी पडलं नव्हतं.

मी इंदुमती साळवे. मूळची नगरची, ख्रिस्ती. दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात चौतीस वर्षं नर्स होते, त्यातली शेवटची सोळा वर्षं वॉर्डाची मुख्य सिस्टर. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगत असे की दिवसभर आजारी माणसं सांभाळून घरी आणखी एक सांभाळायची माझी तयारी नव्हती. जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या वॉर्डात शिकाऊ डॉक्टरसुद्धा पाय न वाजवता चालत.

गंधे आमच्या खालच्या मजल्यावर राहत. विष्णू गंधे एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. वाण्याच्या यादीखालीसुद्धा तारीख घालून सही करणारा माणूस. त्यांची बायको साधना माझी मैत्रीण. लग्नानंतर चौदा वर्षांनी त्यांना मूल झालं, ती गिरिजा. ती मला मावशी म्हणायची आणि सख्ख्या मावशीसारखीच माझ्या फडताळातून विचारल्यावाचून खायला काढून घ्यायची.

नर्स व्हायचं हे खूळ तिच्या डोक्यात मी घातलं असं साधना म्हणायची. तसं नाही. गिरिजा दहावीत असताना साधनाचं ऑपरेशन माझ्या वॉर्डात झालं. पोर अकरा दिवस आईजवळ बसून होती. चौथ्या दिवशी दुपारी ती धावत माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, “मावशी, शेजारच्या आजींचे ओठ निळे दिसताहेत.” पाच नंबरच्या खाटेवर माझी शिकाऊ नर्स नुकतीच फेरी मारून गेली होती, तिला काही दिसलं नव्हतं. आजी वाचल्या. नंतर गिरिजाने आजी कशा आहेत एवढंच विचारून सोडलं नाही. ओठ निळे का होतात ते विचारलं, आणि ऑक्सिजन नाकातून दिला तर तो ओठापर्यंत कसा पोचतो तेही विचारलं. त्या दिवशी मला कळलं की ही आपल्या जातीची आहे. नर्स व्हायला दया लागते असं लोक म्हणतात. दया नंतर येते. आधी बघता यावं लागतं.

एकोणीसशे सत्त्याण्णव साली ती बारावी झाली. तेव्हा कॉलनीतली सगळी पोरं कॉम्प्युटरच्या क्लासला पळत होती. घरोघरी केबल आली होती. गंधेंच्या ऑफिसातले लोक नोएडा, गुडगाव, द्वारकेला फ्लॅट बुक करत होते आणि जेवणाच्या सुट्टीत नकाशे पसरून बसत होते. गंधेंनी काही बुक केलं नाही. एकतीस जुलैला ते अठ्ठावन्न वर्षांचे होऊन निवृत्त होणार होते. त्यानंतर सरकारी घर चार महिने ठेवता येत होतं. मग सामान बांधून कोपरगावला, भावाच्या घरी. आणि कोपरगावला गिरिजासाठी जवळजवळ ठरलेलंच होतं. चुलत्यांच्या ओळखीतला मुलगा, खताचं दुकान, माणसं चांगली.

आमच्या हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेत फी नव्हती. राहायला हॉस्टेल, महिन्याला विद्यावेतन, तीन वर्षं पुरी झाली की बहुतेक तिथेच नोकरी. पण दिल्लीतून बारावी झालेल्या मुलींनाच तिथे बसता यायचं, तेही त्याच वर्षी. तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही, हे गिरिजाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. गंधेंनी सांगून टाकलं होतं, “लागली तर राहू दे तिला इथे. नाही लागली तर आमच्याबरोबर येऊ दे.” माणूस वाईट नव्हता. पोरीला संधी द्यावी इतका चांगला होता, आणि त्यापलीकडे काही करावं इतका धीट नव्हता.

मी सकाळपाळी करून तीनला घरी यायची. चारच्या ठोक्याला गिरिजा वही घेऊन हजर. दर्यागंजच्या फुटपाथवरून एका रविवारी आम्ही जुनं गाइड आणलं होतं. कुणा सुरिंदर कौरने त्यात सगळीकडे चुकीच्या उत्तरांवर बरोबरच्या खुणा केल्या होत्या. आम्ही आधी त्या खुणा खोडल्या. जीवशास्त्र तिचं पक्कं होतं. भौतिकशास्त्रात ती माझ्याइतकीच रडायची, त्यामुळे त्या तासाला आम्ही चहा जास्त पीत असू.

मराठी तिची दिल्लीची. “मावशी, पसली टुटली तर फेफड्याला लागू शकते ना?” असं विचारायची.

“बरगडी म्हण. आणि फुप्फुस.”

“बरगडी,” ती म्हणायची आणि हसायची. “अच्छा, आणि पिंडलीला काय म्हणतात?”

“पोटरी.”

“पोटरी! यार मावशी, तुम्ही हे शब्द बनवता ना?”

मी तिला नाडी बघायला शिकवलं. पूर्ण एक मिनिट मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणाऱ्या पोरी मला आवडत नाहीत. ती माझंच मनगट धरून, ओठ न हलवता मोजायची आणि मग सांगायची, “अठ्ठ्याहत्तर. पण मावशी, मधे एक ठोका चुकला.” खरंच चुकायचा. मला ते माहीत होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या चादरींचे कोपरे तिने इतक्या वेळा घडी घालून बसवले की माझा पलंग त्या उन्हाळ्यात वॉर्डातल्या खाटेसारखा दिसत होता. मुलाखतीत विचारतील म्हणून मी तिला खुर्चीवर बसवून विचारायची, “नर्स क्यों बनना चाहती हो?” इतर मुली सेवा, मदर, मानवता वगैरे सांगतात. ती म्हणायची, “क्योंकि मुझे दिख जाता है.” मी तिला ते बदलू दिलं नाही.

सांगते, की त्या तीन महिन्यांइतकं सुख मला आयुष्यात फार कमी मिळालं. आपलं काम आपल्यामागे कुणीतरी नीट करणार आहे, हे सुख लेकुरवाळ्या बायकांना कळायचं नाही.

फॉर्म गंधेंनी स्वतः भरला. मोठ्या अक्षरांत, काळ्या शाईने, प्रत्येक कागदाच्या तीन साक्षांकित प्रती. जुलैच्या दहा तारखेला शाळेबाहेरच्या फळ्यावर याद्या लागल्या. परीक्षेला बसू द्यायच्या मुलींची यादी लांब होती. शेजारी नामंजूर फॉर्मांची यादी, ती एका पानाची. गिरिजाचं नाव त्या एका पानावर होतं. पुढे कारण लिहिलं होतं. एक ऑगस्टला सतरा वर्षं पूर्ण हवीत, दहावीच्या सर्टिफिकेटप्रमाणे जन्म अठ्ठावीस सप्टेंबर एकोणीसशे ऐंशी, अठ्ठावन्न दिवस कमी.

मला वाटलं पोर रडत येईल. ती हसत आली.

“मावशी, काही टेन्शन नाही. ती शाळेतली तारीख आहे. माझा खरा वाढदिवस गुरुपौर्णिमेला ना? मी पंचांगात बघून आले, ऐंशी साली गुरुपौर्णिमा सत्तावीस जुलैला होती. म्हणजे एक ऑगस्टला मी सतरा वर्षं आणि पाच दिवसांची. पाच दिवस एक्स्ट्रा!” ती माझ्या पलंगावर बसली, तेही कोपरा न विसकटता. “माझा जन्म तुमच्याच हातून झाला ना. तुम्ही लिहून द्या फक्त. तिथे सगळे तुम्हाला ओळखतात.”

मी गॅसवरचं दूध बघायला म्हणून उठले. गॅसवर दूध नव्हतं.

आता तुम्हाला सांगते ते तोपर्यंत तीनच माणसांना माहीत होतं. गिरिजाचा जन्म गुरुपौर्णिमेला झाला हे खरं. पण ऐंशी सालच्या नव्हे, एकोणऐंशीच्या. साधनाला दिवस भरायला दोन आठवडे अवकाश होता. गंधे ऑफिसात, मी सुट्टीवर, आणि भरदुपारी साधनाने छतातून वर ऐकू येईल अशी हाक मारली. टॅक्सी बोलवायला वेळ नव्हता. त्यांच्या पुढच्या खोलीत, सतरंजीवर, मी एकटीने बाळंतपण केलं. घरी जन्मलेल्या मुलीची नोंद करायला महापालिकेत जायचं गंधे उद्या-परवा करत राहिले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की नोंद नाही ते एका परीने बरंच आहे.

हे सरकारी नोकरांचं शहाणपण. पंच्याऐंशी साली पोरीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा गंधे माझ्याकडे आले. म्हणाले, “इंदुताई, पुढे हिला सरकारी नोकरी लागेल. अठ्ठावन्नला घरी बसवतात. आत्ता तारीख थोडी पुढची लावली तर शेवटी पंधरा महिने जास्त नोकरी मिळेल, तीही वरच्या पगारावर. सगळेच करतात.” सगळेच करत होते. आमच्या कॉलनीतल्या निम्म्या पोरांच्या तारखा अशाच बापांनी बसवलेल्या. तीस सप्टेंबरला पाच वर्षं पूर्ण हवीत असा शाळेचा नियम, म्हणून गंधेंनी अठ्ठावीस ठरवली. दोन दिवस हाताशी ठेवले. नियमात बसवून खोटं बोलण्यात त्या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं.

फक्त कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. मी दिलं. हॉस्पिटलच्या छापील कागदावर, माझ्या नोंदणीच्या नंबरासकट, खाली वॉर्डाचा शिक्का मारून. मूल सतरंजीवर झालेलं, आणि कागद म्हणतो की हॉस्पिटलात झालं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पोरीचं भलं केलं असं वाटलं. गिरिजाला पाच वर्षं पुरी होऊन गेली होती, पण घरात सगळ्यांनी चारच सांगायचं ठरलं. लहान पोर कुठे बोलून बसेल, म्हणून तिलाही ऐंशी सालच सांगितलं. पोरांचं वय आपण सांगू तेच असतं. शेजारी बदल्यांवर आले आणि गेले, गावाकडचे लांब होते. गिरिजा स्वतःला सोळा वर्षांची समजत घर सांभाळत होती, आईची आजारपणं काढत होती, आणि तेव्हा तिला अठरा पूर्ण होत होती.

त्याच संध्याकाळी मी खाली गेले. गंधे पेन्शनचे कागद लावत बसले होते. मी म्हटलं, “आता खरं सांगायला हवं. मी लिहून देते की पहिला कागद चुकीचा होता.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. “इंदुताई, माझ्या सर्व्हिस बुकात तीच तारीख आहे. आरोग्य योजनेच्या कार्डावर तीच. तीन आठवडे राहिलेत हो माझे. आत्ता खोटी माहिती दिल्याचं निघालं तर पेन्शन लटकेल.” मग त्यांनी हात जोडले. खरंच जोडले. “सत्तावीस जुलै ऐंशी एवढंच सांगा. दोन महिन्यांचा फरक, नजरचूक झाली म्हणता येईल. साल नका काढू.”

“बाप आहात की कारकून?” मी म्हटलं. साधना दारात उभी होती, तिच्यासमोर म्हटलं. “आयुष्यभर फायली सांभाळल्यात, एक पोर सांभाळता येत नाही. घाबरट आहात तुम्ही, गंधे.”

त्यांनी पेन्शनचे कागद पुन्हा लावायला घेतले. मी ताठ मानेने जिना चढून वर आले. आज ते आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा काढली आणि गिरिजाला घेऊन शाळेच्या ऑफिसात गेले. तिने इस्त्रीचा पांढरा सलवार-कमीज घातला होता आणि केस घट्ट बांधले होते, जणू त्याच दिवशी भरती होणार होती. व्हाईस प्रिन्सिपॉल मॅडम ट्रेनिंगमध्ये माझ्या दोन वर्षं मागे होत्या. त्यांनी चहा मागवला. मी माझ्या वॉर्डातल्यासारखी पाय सोडून बसले. मनात सगळं जुळवलेलं होतं. साल, तारीख, सतरंजी, सगळं सांगायचं. मॅडम म्हणतील, जाने दीजिए सिस्टर, एक चिठ्ठी दे दीजिए. जुन्या ओळखीत एवढं होतं.

मॅडमनी फॉर्म काढला, चष्मा लावला. “लड़की के नंबर तो बहुत अच्छे हैं,” त्या म्हणाल्या. “देखिए, मैं इसे बैठने दे सकती हूँ. बोर्ड में तारीख़ सुधारने की अर्ज़ी लगाइए, उसकी रसीद दीजिए. और जिसने पहला सर्टिफिकेट दिया था, उसका हलफ़नामा कि वो ग़लत था.” मग त्यांनी मागचा कागद उलटला आणि माझ्याकडे बघितलं. “ये तो आपका ही है, सिस्टर. वॉर्ड की मोहर भी है.”

“हाँ,” मी म्हटलं.

“तो फिर आसान है. आप लिख दीजिए. बस, मुझे सुपरिंटेंडेंट साहब के थ्रू भेजना पड़ेगा. मोहर लगी है ना.”

त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्या नियम सांगत होत्या. पण सुपरिंटेंडेंट म्हटल्याबरोबर मी सोडलेले पाय खुर्चीखाली घेतले. हॉस्पिटलात न झालेल्या जन्माला हॉस्पिटलचा शिक्का. चौकशी बसणार. मला निवृत्त व्हायला तेरा महिने होते. चौकशी लागलेल्यांची पेन्शन वर्षानुवर्षं अडकते, हे मी बघितलं होतं. आमच्यातली सिस्टर मॅथ्यू तशी पेन्शनची वाट बघतच वारली. मागेपुढे माझं कुणी नाही, पेन्शन हेच माझं माणूस. नोएडाच्या फ्लॅटचा पहिला हप्ता मी नुकताच भरला होता. साल नको, नुसता महिना सांगू, असंही मनात येऊन गेलं. पण महिना सांगितला तरी पहिला कागद खोटा ठरणारच होता.

“सिस्टर,” मॅडमनी पेन पुढे केलं, “डिलीवरी आपने की थी ना? सही तारीख़ क्या है?”

गिरिजा माझ्याकडे बघत होती. हसत नव्हती, पण हसायच्या तयारीत होती.

मी म्हटलं, “मुझे ठीक से याद नहीं. इतनी डिलीवरी की हैं. रिकॉर्ड में जो है, वही सही होगा.”

मॅडमनी पेनचं टोपण लावलं. “तो फिर मैं कुछ नहीं कर सकती,” त्या म्हणाल्या, आणि फॉर्म परत त्या एका पानाच्या यादीत लावून टाकला. चहा आला. मी तो प्यायले. गिरिजाने घेतला नाही.

तिच्या प्रत्येक वाढदिवशी मी तिला तिच्या जन्माची गोष्ट सांगत आले होते. सतरंजी कुठल्या रंगाची होती, पंखा कसा बंद पडला होता, ती पहिल्यांदा रडली तेव्हा खालून जाणारा भाजीवाला कसा थांबला होता. सतरा वर्षं ऐकलेली गोष्ट. माझ्या न आठवण्यावर तिने विश्वास ठेवावा, अशी काही सोयच नव्हती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी. मला वाटत होतं की तिने ओरडावं, भांडावं. मी भांडणाला भांडणाने उत्तर देऊ शकते, तेवढं एक मला चांगलं येतं. सेक्टरचा स्टॉप आला तेव्हा बस हलत होती म्हणून तिने माझा दंड धरून मला उतरवलं. पडणाऱ्या माणसाला धरतात तसा, कोपराच्या वर, मी शिकवला होता तसाच.

साधना दारात उभी होती. तिने विचारायच्या आधीच गिरिजा म्हणाली, “आई, नाही होत. मावशींनी खूप ट्राय केलं. पण त्यांना तारीख आठवत नाही, किती बाळंतपणं केलीत त्यांनी.”

साधनाने माझ्याकडे पाहिलं. तिच्या मागे गंधे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट दिसलं. सुटलो, असं होतं. आणि बहुतेक माझ्याही चेहऱ्यावर तेच असणार, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. काल ज्याला मी घाबरट म्हटलं होतं त्याच्या पंगतीत मी आज जाऊन बसले होते. फरक एवढाच होता की त्याने हात जोडून कबूल केलं होतं, आणि मी पोरीच्या तोंडावर खोटं बोलले होते.

परीक्षेच्या दिवशी मी सकाळपाळीला गेले. शाळेच्या आवारात मुली रांगेत उभ्या होत्या, हातात पट्ट्या आणि पेन्सिली. मी मागच्या दाराने वॉर्डात शिरले. त्या आठवड्यात गिरिजा गाइड आणि माझी पुस्तकं वर्तमानपत्रात बांधून घेऊन आली. “कुणाला तरी लागतील मावशी,” म्हणाली. मी म्हटलं, बस ना. ती बसली नाही. आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, असं म्हणाली. त्यानंतर फडताळ उघडायला ती कधी आली नाही.

नोव्हेंबरमध्ये गंधे सामान घेऊन गेले. साधना माझ्या गळ्यात पडून रडली. गिरिजाने वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला खूप होतं आणि मी म्हटलं, “पोचल्याचं पत्र टाका.”

पत्र फेब्रुवारीत आलं. गंधेंचं, ऑफिसच्या भाषेत. “आदरणीय इंदुताई यांस सादर प्रणाम. चि. गिरिजाचे जमत आले आहे. मुलाकडील मंडळींना पत्रिका हवी असून जन्मवेळ अचूक पाहिजे. शाळेतील तारीख पत्रिकेस चालणार नाही, हे आपण जाणताच. आपण समक्ष होतात. तरी कृपया खरी तारीख, साल व वेळ उलट टपाली कळवावी.” ‘खरी’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

बाळ हाती आलं की आधी घड्याळाकडे बघायचं, ही आमची सवय. नाळ नंतर. मी पोस्टकार्ड घेतलं आणि लिहिलं: सोमवार, नऊ जुलै एकोणीसशे एकोणऐंशी, दुपारी दोन वाजून सतरा मिनिटं. शिक्का लागला नाही, शपथेवरचा हलफनामा लागला नाही, कुणा साहेबाच्या मार्फत जायचं नव्हतं. दोन ओळी लिहायला मला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. खाली उतरून पेटीत टाकलं आणि वर येऊन पलंगावर बसले तेव्हा कळलं की मी काय केलंय. पोरीला परीक्षेला बसायला जे सांगवलं नाही, ते तिला बोहल्यावर बसवायला मी मुकाट्याने लिहून दिलं होतं.

मे महिन्यात सरकारने निवृत्तीचं वय अठ्ठावन्नचं साठ केलं. गंधेंनी पोरीसाठी चोरून ठेवले होते पंधरा महिने. सरकारने एका सहीत सगळ्यांना चोवीस दिले. गंधेंना मिळाले नाहीत, ते आधीच घरी बसले होते. मला मिळाले. वॉर्डातल्या मुलींनी बर्फी वाटली आणि म्हणाल्या, सिस्टर, अब दो साल और डाँट खाएँगे. मी बर्फी खाल्ली.

जूनमध्ये लग्नाची पत्रिका आली. आत साधनाची चिठ्ठी, आग्रहाची, सुट्टी काढून याच म्हणून. चिठ्ठीच्या खाली उरलेल्या जागेत गिरिजाचं अक्षर होतं.

“मावशी, जन्मवेळ पोचली. गुरुजी म्हणाले, इतकी नेमकी वेळ कुणी देत नाही. म्हणजे त्या दिवशी मॅडमच्या समोर मी अठरा वर्षांची होते, आणि तुम्हाला मिनिटंसुद्धा आठवत होती. असो. तुमचा ठोका मधे चुकतो, तो दाखवून घ्या. गिरिजा.”

लग्नाला मी गेले नाही. सुट्टी मिळाली असती.